कसरतीचं आरसी विमान: घरी बांधायचं कसं, पारखायचं कसं

बेळगाव-खानापूर पट्ट्यात कुठल्याही माळावर आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, विमान गाडीतून बाहेर काढा, पाच मिनिटांत पोरं जमतात. पहिला प्रश्न ठरलेला, "किती वर जातंय?" दुसरा, "कितीला बसलं?" इतक्या वर्षांत एकानेही मला विचारलेलं नाही, "सरळ जातंय काय?" कसरतीच्या विमानाला विचारायचा खरा प्रश्न तेवढाच. सरळ वर, सरळ खाली, उलटं होऊन सरळ, कुशीवर पडून सरळ. जे विमान सरळ जात नाही त्याचा लूप (हवेत काढलेलं उभं वर्तुळ) गोल येत नाही आणि रोल (स्वतःच्या लांबीभोवती पूर्ण गिरकी) काढताना ते बरणीच्या झाकणासारखं फिरत वाट सोडतं. म्हणून हा लेख निम्मा बांधणीचा आणि निम्मा पारखण्याचा आहे. बहुतेक नवखे बांधून झालं की काम संपलं समजतात.

एक अट आधीच सांगतो. ट्रेनर विमान एकट्याने उडवता-उतरवता येत नसेल तर हे सुरू करू नका. ट्रेनरचे पंख अंगाच्या वर बसवलेले आणि टोकाला किंचित उचललेले असतात, रिमोटच्या काड्या सोडल्या की ते आपलं आपण सावरतं. कसरतीचं विमान सावरत नाही. डावीकडे कलवून सोडलंत तर कललेलंच राहतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. ट्रेनर नसेल तर रिमोट केबलने कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर महिनाभर बोटं घोटवा. तिथे पाडायला पैसे पडत नाहीत.

जागा आधी, फोम नंतर

सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचं केंद्रही तिथेच, आणि कँपात लष्कर. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा पिवळा धरतात, त्याच्या आतला लाल. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय वितभरही उडवायचं नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या दरम्यान २०० फुटांपर्यंत मोकळीक, आणि त्यापलीकडच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत. लाल पट्टा दिसला तर विषयच सोडा. "आमचं खेळण्यातलं विमान, ड्रोन थोडंच आहे" हे म्हणणं टिकत नाही, कारण करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचं २५ किलोपर्यंतचं मॉडेलही त्याच नियमांत बसवलेलं आहे. आपलं विमान होईल सुमारे ६०० ग्रॅमचं, म्हणजे २५० ग्रॅम ते २ किलोच्या 'मायक्रो' वर्गातलं. या वर्गात छंद म्हणून उडवणाऱ्याला पायलटचा परवाना लागत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडा, आपल्या शिवारावर बोट ठेवा, रंग बघा, आणि नोंदणीबद्दल त्या दिवशी जे लिहिलेलं असेल ते वाचून घ्या.

रंग हिरवा म्हणून शेत मोकळं असतंच असं नाही. भातकापणी झाली की खानापूरकडचं शिवार दिवाळीनंतर मैदानासारखं दिसतं आणि नवखा तिथे फसतो. त्याच ओलीवर मसूर, वाटाणा नाहीतर हरभरा टाकलेला असतो. कोंब बोटभरही वर आलेले नसतात आणि आपण त्यांच्यावरून बूट घालून चालत असतो. शिवाय दहा-पंधरा पावलांवर बांध. उतरताना चाकं बांधाला लागली की पुढचं सगळं नाकावर येतं. त्यापेक्षा मुरमाड माळ किंवा गवत चरून गेलेलं गायरान बरं. मालकाला किंवा पंचांना आधी भेटा. निपाणी-चिकोडीकडचे असाल तर ऊस कुठे उभा आहे ते बघा आणि त्याच्या विरुद्ध बाजूला तोंड करून उडवा. पुरुषभर उंच उसात पडलेलं पांढरं विमान चार पावलांवरूनही दिसत नाही. हुक्केरीच्या बाजूला माझं एक विमान असंच गेलं. दोन तास पानांनी हात कापून घेतल्यावर एका शेतकरीअण्णांनी बांधावरून हाक मारली, "इल्लि बिद्दैत्रि!" म्हणजे इथे पडलंय हो. मी शोधत होतो त्याच्या चाळीस पावलं अलीकडे ते पडलं होतं. तेव्हापासून विमानात पाच-सहा ग्रॅमचा बझर असतो. सिग्नल तुटला की तो ओरडत बसतो.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. धुकं असेल तर ते उठेपर्यंत चहा घ्या. मार्चनंतर दुपारी तापलेल्या माळावरून वावटळी उठतात. त्या वेळी केलेली पारख फुकट, कारण विमान हललं की वाऱ्याने हललं हे कळत नाही.

वजनाचा हिशोब

माझं पहिलं कसरतीचं विमान सनबोर्डाचं होतं. खडे बाजारात फोमशीट मागायला गेलो आणि पांढरं, गुळगुळीत, ताठ दिसलं म्हणून सनबोर्ड घेऊन आलो. चूक दुकानदाराची नव्हे, हातात घेऊन वजन न बघणाऱ्याची. बांधून काट्यावर ठेवलं तर १,१४० ग्रॅम. एप्रिलच्या दुपारी उडवलं. पहिल्याच वळणावर एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची फळी) ओढला आणि डाव्या पंखाने मान टाकली.

झालं काय ते समजून घ्या, कारण पुढे सगळं यावरच आहे. पंखाचं क्षेत्रफळ तेवढंच ठेवून वजन दुप्पट केलं की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलेनासा होतो तो वेग, १.४ पट होतो. ज्या विमानाने ताशी २५ किलोमीटरला अलगद टेकायचं, ते ३५ ला आदळतं. त्यात आपली हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. हिवाळ्यातल्या १५ अंशांच्या सकाळीही इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा ८-९ टक्के विरळ असते. उन्हाळ्यातल्या ३६ अंशांच्या दुपारी ती तूट १५ टक्क्यांवर जाते. पंख आणि प्रॉप (नाकावरचा पंखा) दोघांनाही धरायला हवा कमी मिळते. गोव्याच्या किनाऱ्यावर सुखाने उडणारं जड विमान इथे रुसतं, ते त्यामुळे.

तेव्हा हिशोब असा. पंख १,००० मिलिमीटर लांब आणि २५० रुंद, सरळ पट्टी. क्षेत्रफळ २५ चौरस डेसिमीटर. वजन ६०० ग्रॅम धरलं तर चौरस डेसिमीटरला २४ ग्रॅम, म्हणजे हलकं आणि माफ करणारं. माझं सनबोर्डाचं ४५ च्या वर होतं. आता त्या ६०० ची वाटणी. २२१२ मापाची ब्रशलेस मोटर सुमारे ५५ ग्रॅम, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ३०, नऊ ग्रॅमवाले चार सर्व्हो (फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) ३६-४०, रिसीव्हर १५, तीन सेलची १,३०० एमएएच लायपो बॅटरी ११५, प्रॉप आणि त्याचा अडॅप्टर १५, तारा, हॉर्न (फळीला लावायचे छोटे दांडे) आणि बझर मिळून ३०. झाले ३०० ग्रॅम. उरलेल्या ३०० मध्ये फोम, कार्बन, चाकं आणि गोंद. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बाकावर ठेवा आणि प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी त्यावर ठेवा. घरातल्यांना काटा परत मिळणार नाही, हे आधीच सांगून टाका.

टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळता, पंख दिसायला देखणा असतो, स्पर्धेची विमानं तशीच असतात. पण आयताकृती पंख मुळाशी आधी स्टॉल होतो, टोकाशी नंतर. त्यामुळे मान टाकण्याआधी तो डुलून इशारा देतो. तोल काढायला गणितही लागत नाही. पहिल्याला पट्टीच बरी.

कापायचं आणि चिकटवायचं

फोम पाच मिलिमीटरचा डेप्रॉन किंवा त्या जातीचा घ्या. नखाने दाबला तर किंचित दबतो आणि बोटावर पेलला तर नाही असा वाटतो. आराखडा आधी जुन्या पेपरवर काढा. तरुण भारतचं जोडपान पसरलं की अर्धा पंख आणि शेपूट मावते. कागद कापून फोमवर ठेवा, बॉलपेनने रेघ मारा, नव्या पात्याने कापा. बोथट पातं फोम कापत नाही, उपटतं. दर मीटरभर कापल्यावर पात्याचं टोक मोडून टाका.

पंख दुहेरी करायचा. वरची आणि खालची कातडी प्रत्येकी १९५ मिलिमीटर रुंद, पुढच्या कडेपासून ७५ मिलिमीटरवर २० मिलिमीटर उंचीची फोमची पट्टी, तिला चिकटून ६ मिलिमीटरची कार्बनची नळी. मागे ५५ मिलिमीटरचे एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या फळ्या. एकूण जाडी ३० मिलिमीटर, म्हणजे रुंदीच्या १२ टक्के. वरचा आणि खालचा बाक अगदी सारखा हवा. कसरतीच्या विमानाला उलटं-सुलटं सारखंच, म्हणून त्याचा पंखही दोन्हीकडून सारखा. बाक द्यायला लाटणं घ्या. फोमची आतली बाजू वर ठेवून पुढच्या भागावर हलक्या हाताने लाटत गेलं की शीट आपोआप पापडासारखं वळतं. घाई केली तर सुरकुती पडते आणि ती जन्मभर राहते.

गोंदाबद्दल दोन शब्द. साधं फेव्हिक्विक काही फोम खातं, उरलेल्या तुकड्यावर थेंब टाकून बघा. ग्लू गन झटपट काम करते, पण तिचा गोंद जड आणि बेळगावच्या मेमधल्या बंद गाडीत तो मऊ पडतो. मी पंखाला पांढरा फेव्हिकॉल आणि रात्रभर धीर, आणि मोटर ज्यावर बसते त्या प्लायवुडला पाच मिनिटांचं इपॉक्सी, एवढंच वापरतो. चिकटवलेला पंख स्वयंपाकाच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा आणि वर पुस्तकं रचा. घरात त्याच्याइतकी सपाट जागा दुसरी नसते. पंखाला पीळ राहिला तर पुढे रिमोटवर कितीही ट्रिम (फळीच्या मधल्या जागेची बारीक दुरुस्ती) दिलात तरी एका वेगाला विमान सरळ जाईल आणि दुसऱ्या वेगाला कलेल.

अंग म्हणजे फोमचा दोन थरांचा उभा पत्रा, प्रोफाइल. नाकापासून शेपटीपर्यंत मीटरभर. कापण्याआधी त्यावर लांब पट्टीने एक सरळ रेघ ओढा आणि ती शेवटपर्यंत पुसू नका. पंखाची खाच, आडव्या शेपटीची खाच आणि मोटरचा आस, तिन्ही त्या रेघेवर. पंख आणि शेपूट एकमेकांशी शून्य अंशात. आडवी शेपूट ४०० बाय १३० मिलिमीटर, तिचा निम्मा भाग एलिव्हेटर. उभ्या शेपटीचा निम्म्याहून जास्त भाग रडर, नाक डावी-उजवीकडे वळवणारा.

शेपूट चिकटवताना दोरा घ्या, ताणला तरी न लांबणारा. शेपटीच्या मागच्या टोकापासून डाव्या पंखाच्या टोकापर्यंत मोजा, मग उजव्या. फरक दोन मिलिमीटरच्या आत आला की मगच गोंद लावा. पतंगाची कणी बांधताना कराल तेवढीच काळजी इथे घ्या.

मोटर मात्र मुद्दाम किंचित वाकडी बसवायची. मागून पाहिलं तर प्रॉप घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि पूर्ण जोर दिला की नाक डावीकडे ओढतो. म्हणून मोटरचा आस उजवीकडे दोन अंश. दोन अंश डोळ्यांना दिसत नाहीत, वॉशरला दिसतात. मोटरच्या डाव्या-उजव्या स्क्रूंमधलं अंतर ४० मिलिमीटर असेल तर डाव्या बाजूखाली १.४ मिलिमीटर उचल हवी, म्हणजे दोन पातळ वॉशर.

तारा, सर्व्हो, रिमोट

सहा चॅनेलचा, म्हणजे सहा हालचाली वेगवेगळ्या सांभाळणारा, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट पुरे. इकडे नवख्यांच्या हातात बहुधा फ्लायस्कायचा आय६ दिसतो, त्यावर भागतं. मोड, म्हणजे कुठली काडी काय हलवते ते, कुठला घ्यायचा याचा वाद घालत बसू नका. जो माणूस तुम्हाला माळावर शिकवणार त्याचा जो मोड, तोच तुमचा, म्हणजे वेळ आली तर रिमोट त्याच्या हातात देता येतो. दोन एलेरॉनला दोन वेगळे चॅनेल द्या, पुढे त्यांचा उपयोग आहे.

हॉर्नचं भोक बिजागरीच्या रेघेच्या बरोबर वर आलं पाहिजे, आणि काडी मधोमध असताना सर्व्होचा हात पुशरॉडशी (सर्व्होपासून हॉर्नपर्यंतच्या तारेशी) काटकोनात. यात चुकलात तर एलिव्हेटर वर जितका जातो तितका खाली जात नाही, आणि मग उलटं उडवताना आपलंच बोट चुकतंय असं वाटत राहतं. पहिल्यांदा एलिव्हेटर आणि एलेरॉन १५ अंश, रडर ३० अंश ठेवा. दुसऱ्या रेटला, म्हणजे स्विच टाकून मिळणाऱ्या मोठ्या हालचालीला, ३० अंश. एक्स्पो, म्हणजे मध्याजवळ काडी मवाळ करणारी सोय, ३० टक्के, पण स्क्रीनवरची रेघ मध्याजवळ चपटी झाली की तीव्र झाली ते बघा. काही रिमोटमध्ये त्याचं चिन्ह उलटं असतं.

जुळवाजुळव संपेपर्यंत प्रॉप लावू नका. १० इंची प्रॉप मिनिटाला ८,००० फेरे घेतो तेव्हा त्याचं टोक ताशी ३८० किलोमीटरच्या आसपास धावत असतं. घरातल्या मिक्सरच्या भांड्यात तुम्ही बोट घालत नाही.

लायपो भरताना जवळ बसा. तीन सेलची बॅटरी पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट. १,३०० एमएएचला १.३ अँपिअरने भरायची. फुगलेली बॅटरी "अजून एक डाव" म्हणून वापरू नका.

माळावर नेण्याआधी

दोन्ही हातांची पहिली बोटं पंखाखाली, पुढच्या कडेपासून ६७ मिलिमीटरवर ठेवा. बॅटरी पुढे-मागे सरकवून विमान सपाट राहिलं पाहिजे. पंखाच्या रुंदीच्या २७ टक्क्यांवर हा तोल येतो, पहिल्या उड्डाणाला सुरक्षित. मग एक बोट मोटरच्या आसाखाली, एक शेपटीखाली. एक पंख पडत असेल तर दुसऱ्याच्या टोकात छोटा खिळा खुपसा. ही आडव्या तोलाची परीक्षा नव्वद टक्के लोक करत नाहीत आणि नंतर लूप तिरका का येतो म्हणून रिमोटवर ट्रिम फिरवत बसतात.

ओढ मोजा. शेपटीला दोरी, दोरीला सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा, काटा खांबाला बांधलेला. मागे उभे राहून पूर्ण थ्रॉटल, म्हणजे मोटरला पूर्ण जोर. १,००० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला १,००० फेरे घेणारी) २२१२ मोटर, १० इंची प्रॉप आणि तीन सेलवर ८०० ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. वजनाहून ओढ जास्त, म्हणजे विमान नाक वर करून चढू शकतं. जवळ वॉटमीटर असेल तर ११ व्होल्टला १६ अँपिअर म्हणजे १७६ वॉट, किलोमागे २९० च्या वर. कसरतीला किलोमागे २२० लागतात असा जुना अंगठ्याचा नियम आहे.

शेवटी फेलसेफ, सिग्नल तुटला की मोटर बंद करणारी सोय. विमान कुणाच्यातरी हातात घट्ट धरून, मोटर हळू फिरत असताना रिमोट बंद करा. मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी घरी परत.

पहिलं उड्डाण

पहिल्या उड्डाणात काही पारखायचं नाही. माझा भाचा विमान डोक्यावर धरून वाऱ्याच्या तोंडावर उभा राहतो. "मामा, सोडू?" "थांब की, एलेरॉन बघू दे." उजवीकडे काडी दिली की उजवा एलेरॉन वर. दरवेळी बघा, शंभराव्या वेळीही. थ्रॉटल तीन चतुर्थांश, मग सरळ, हलका ढकल. वर फेकायचं नाही.

साठ-सत्तर मीटर उंचीवर अर्ध्या थ्रॉटलला ट्रिम करा. मग थ्रॉटल बंद करून एलिव्हेटर सावकाश ओढत राहा आणि स्टॉल कसा होतो ते उंचीवरच बघून घ्या, म्हणजे उतरताना तो ओळखीचा असेल. पाच मिनिटांचा टायमर लावा. सरासरी ९ अँपिअर धरले तर १,३०० पैकी ८० टक्के वापरायला सात मिनिटं लागतात. दोन मिनिटं पदरात असू द्या, पहिला प्रयत्न क्वचितच उतरतो. घरी येऊन ट्रिम बघा. रिमोटवर चार-पाच टिचक्यांहून जास्त असेल तर पुशरॉडची लांबी बदला आणि ट्रिम शून्यावर आणा.

विमानाला प्रश्न विचारायचे

आता खरं काम. नियम तीन. हवा शांत हवी. प्रत्येक प्रश्न तीनदा विचारायचा, येताना आणि जाताना. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तोलही हलवला, वॉशरही घातला आणि विमान सुधारलं, तर कशाने सुधारलं हे कधीच कळणार नाही. खिशात शंभर पानी वही ठेवा: तारीख, वारा, काय विचारलं, काय दिसलं, काय बदललं.

पहिला प्रश्न तोलाचा. पूर्ण थ्रॉटलला ४५ अंशांत वर न्या, अर्धा रोल करून उलटं करा आणि काडी सोडा. विमान उलटं असताना तीच रेघ धरून थोडा वेळ गेलं आणि मग हळूच नाक जमिनीकडे झुकलं, तर झकास. लगेच धाडकन झुकलं तर नाक जड आहे, बॅटरी पाच मिलिमीटर मागे. उलटं असताना आणखीच वर चढायला लागलं तर शेपूट जड, बॅटरी पुढे. भाच्याने पहिल्यांदा हे केलं तेव्हा म्हणाला, "सरळ चाललंय की, मामा." मी म्हटलं, "बोट काढ, मग बघ." बोट काढलं आणि विमान खाली वाकलं. आपल्याला कळायच्या आत आपलं बोट विमानाचा दोष झाकत असतं. सगळ्या पारखण्यातली अवघड गोष्ट तीच, बोट काढणं. रुंदीच्या ३३ टक्क्यांच्या मागे मात्र तोल नेऊ नका, पुढे विमान उतरवताना कळेल का ते.

दुसरा प्रश्न मोटरच्या कोनाचा. आपल्यापासून दूर जाताना, पंख सपाट ठेवून, नाक थेट आकाशाकडे. पूर्ण थ्रॉटल, बोट काढा. मागून विमानाची पाठ दिसत असते, त्यामुळे डावं-उजवं सरळ कळतं. डावीकडे झुकलं तर डाव्या बाजूखाली आणखी पातळ वॉशर. उजवीकडे झुकलं तर एक काढा. वेग कमी झाल्यावर शेवटी शेवटी झुकलं तर ते सोडून द्या, पहिले दोन-तीन सेकंद मोजायचे. बाजूने वारा असेल तर हा प्रश्न विचारूच नका.

तिसरा आडव्या तोलाचा, ओळीने चार लूप. दर लूपला एकच पंख खाली जात असेल तर तो जड आहे. कधी डावा, कधी उजवा जात असेल तर विमान नव्हे, तुम्हीच लूपमध्ये शिरताना पंख सपाट धरत नाही आहात.

नाइफ एज हा मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न, कारण तो एकाच वेळी दोन उत्तरं देतो. विमान कुशीवर, वरच्या बाजूला रडर देऊन नाक आकाशाकडे किंचित, चांगली उंची, तीन चतुर्थांश थ्रॉटल. आता बघा: ते पोटाकडे ओढतंय की पाठीकडे? आणि आपोआप रोल होऊ पाहतंय का? रडर ज्या दिशेने दिला त्याच दिशेने रोल होत असेल तर पंखाला वर उचल जास्त झाली आहे, उलट दिशेने होत असेल तर कमी. ६०० ग्रॅमच्या फोमच्या विमानाला पंख उपटून हे दुरुस्त करत बसू नका. रिमोटमध्ये रडरबरोबर चार-पाच टक्के एलेरॉन किंवा एलिव्हेटर मिसळा. पण मिक्सिंग सगळ्यांत शेवटी. तोल चुकलेला असताना घातलेलं मिक्स म्हणजे दुखऱ्या दातावर लवंग.

रोल बघताना विमानाचं नाक एका ठिपक्यावर राहतं की गोल फिरतं ते बघा. फिरत असेल तर खाली जाणारा एलेरॉन एखाद-दोन टक्क्यांनी कमी करून बघा. दोन वेगळे चॅनेल यासाठीच घ्यायला सांगितले होते.

एवढं झालं की आकृत्या घ्या. एफ३ए या आंतरराष्ट्रीय स्पर्धावर्गात परीक्षक प्रत्येक आकृतीला दहापैकी गुण देतात आणि अवघडपणाच्या गुणकाने गुणतात. विमान उडतं पायलटपासून सुमारे १५० मीटरवर, डावीकडे-उजवीकडे ६० अंशांच्या चौकटीत. मीटरभराचं विमान १५० मीटरवर दिसणारही नाही, आपल्याला ४०-५० मीटर खूप झाले. पण चौकट घ्या. माळावर तीन दगडांना चुना फासून ठेवा, मधला तुमच्या समोर, आणि प्रत्येक आकृती मधल्या दगडावर आली पाहिजे. लूप, स्लो रोल (सावकाश रोल), स्टॉल टर्न (सरळ वर जाऊन रडरवर वळून सरळ खाली), इमेलमन (अर्धा लूप आणि वर अर्धा रोल). बाजूला उभ्या असलेल्या माणसाला गुण द्यायला सांगा, तोही विमान उडवणारा नसला तर उत्तम. बांधावर बसून गुरं राखणारा माणूस "वाकडं आलं" म्हणतो तेव्हा ते वाकडंच आलेलं असतं.

माझ्या वहीत सध्याच्या विमानाची अकरा पानं आहेत. तोल ६७ वरून ७४ वर गेला, डावीकडे एक वॉशर वाढला, उजव्या पंखाच्या टोकात अर्ध्या इंचाचा खिळा आहे आणि रडरला तीन टक्के एलिव्हेटर मिसळलेला. चौथ्या पानावर नुसतं एवढंच लिहिलंय: "वारा होता, उगाच गेलो."

जूनमध्ये मृगाचा पाऊस लागला की विमानं आत येतात. बॅटऱ्या भरलेल्या ठेवू नका आणि रिकाम्याही नाही, चार्जरच्या स्टोरेज मोडवर सेलमागे ३.८ व्होल्टला आणून स्टीलच्या डब्यात, फरशीवर. विमान नाकाला दोरी बांधून छताच्या हुकाला उभं टांगा. भिंतीला टेकवून ठेवलं तर चार महिन्यांत पंखाला पीळ बसतो, आणि दसऱ्याला पहिला प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागतो.